डोक्याला मार लागलेल्या मुलांवर सप्लिमेंटची चाचणी: एका प्रशिक्षकांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. तुम्ही लिहिता की कबड्डी आणि फुटबॉल शिकवणाऱ्या तुमच्या केंद्रात गेल्या दोन हंगामांत अकरा मुलांना डोक्याला मार लागून कन्कशन, म्हणजे हादऱ्यामुळे मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड, झाले. त्या सर्वांना तुम्ही तीन आठवडे रोज एक स्कूप, म्हणजे सात ग्रॅम, बीसीएए या अमिनो आम्लांची पावडर आणि माशाच्या तेलाची एक कॅप्सूल दिली, आणि अकरापैकी नऊ मुले महिनाभरात पूर्ववत खेळू लागली. आता आजूबाजूच्या केंद्रांना सोबत घेऊन पन्नास मुलांना हेच देऊन ‘रीतसर चाचणी’ करायची आहे, तर डोस किती ठेवावा, कोणता ब्रँड घ्यावा आणि निकाल कसा मोजावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी लहान मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर आहे आणि माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या एका नैतिकता समितीवर बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे अशा प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत. डोस आणि ब्रँड हे पुढचे प्रश्न आहेत. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: जी मुले काहीही न देता बहुधा बरी होणारच होती, ती तुम्ही दिलेल्या वस्तूमुळे बरी झाली हे ओळखायचे कसे? कन्कशनच्या बाबतीत हा प्रश्न इतर अनेक आजारांपेक्षा अवघड आहे, आणि सप्लिमेंटवाल्यांचा धंदा नेमका याच अडचणीवर चालतो.

आधी तुमच्या अकरा मुलांकडे पाहू. कॅनडातील नऊ बालरुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या ५ ते १७ वर्षे वयाच्या ३,०६३ मुलांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीस टक्के मुलांना अठ्ठावीस दिवसांनंतरही लक्षणे होती, म्हणजे साधारण सत्तर टक्के मुले महिनाभरात सावरली होती. हा आकडा गृहीत धरून मी साधे गणित केले. प्रत्येक मुलाची आपोआप बरे होण्याची शक्यता सत्तर टक्के असेल, तर अकरापैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुले काहीही न देता महिनाभरात बरी होण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के येते. म्हणजे तुमच्यासारख्या तीन प्रशिक्षकांनी नुसते लिंबूपाणी दिले असते, तरी त्यांच्यापैकी एकाला तुमच्याइतकाच चांगला निकाल मिळाला असता. शिवाय कॅनडातली ती मुले रुग्णालय गाठण्याइतकी आजारी होती; मैदानावरून थेट घरी गेलेली मुले सरासरीने आणखी लवकर बरी होत असण्याचाच संभव आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की दोष किंवा श्रेय कावळ्याला जाते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मार लागलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला मी सिटिकोलिन लिहून देत असे. ज्येष्ठ देत होते, पालकांना ‘मेंदूचे टॉनिक’ मिळाल्याचे समाधान वाटे आणि मुले खरोखरच बरी होत. मग २०१२ साली अमेरिकेतील कोब्रिट या चाचणीचा निकाल आला. मेंदूला इजा झालेल्या १,२१३ प्रौढ रुग्णांपैकी अर्ध्यांना नव्वद दिवस रोज २,००० मिलिग्रॅम सिटिकोलिन आणि उरलेल्यांना तसेच दिसणारे निष्प्रभ औषध देण्यात आले होते, आणि दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. ते रुग्ण प्रौढ होते, त्यांच्यातील बऱ्याच जणांची इजाही कन्कशनहून गंभीर होती, म्हणून तो निकाल मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. परंतु माझ्या स्वतःच्या अनुभवाला पुरावा समजण्याची माझी सवय त्या दिवशी मोडली.

आता जीवशास्त्राकडे वळते, कारण बीसीएए हा तुमचा निव्वळ अंदाज नव्हता. त्यामागे खरे संशोधन आहे. डोक्याला हादरा बसला की मेंदूच्या पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बेसुमार सुटते आणि हा असमतोल सावरण्यासाठी पेशींना एकाएकी जास्त ग्लुकोज लागते. त्याच वेळी रक्तपुरवठा मात्र वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसत नसताना मूल सुस्त, चिडचिडे आणि गोंधळलेले का असते, याचे उत्तर या ऊर्जेच्या तुटीत आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांना मिळून बीसीएए म्हणतात. मेंदू त्यांच्यातील नायट्रोजन वापरून ग्लुटामेट बनवतो, आणि ग्लुटामेटपासून पुढे गाबा हे शांत करणारे रसायन बनते. फिलाडेल्फियातील संशोधक अकिवा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले, की इजा झालेल्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, ही आम्ले कमी होतात. आणि ती खाद्यातून भरून दिली तर उत्तेजन आणि शांतता यांचा बिघडलेला तोल सावरतो व उंदरांची शिकण्याची क्षमता परत येते.

उंदरांपासून कन्कशन झालेल्या माणसांवरील एका लहान चाचणीच्या निकालापर्यंत पोहोचायला चौदा वर्षे लागली, ही गोष्ट उतावळ्या मंडळींनी ध्यानात घ्यावी. फिलाडेल्फियातील बालरुग्णालय आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ येथील ही चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. मार लागून ७२ तास उलटण्याच्या आत ११ ते ३४ वर्षे वयाच्या ४२ जणांना तीत घेतले गेले, आणि त्यांपैकी ३८ जणांच्या माहितीचे विश्लेषण झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांची विभागणी झाली: काहींना निष्प्रभ पावडर, तर इतरांना रोज १५, ३०, ४५ किंवा ५४ ग्रॅम बीसीएए, एकवीस दिवस. मुख्य मोजमाप होते मेंदू माहिती किती वेगाने हाताळतो याचे, आणि त्यात डोसनुसार फरक दिसला नाही. दुय्यम मोजमापांत मात्र एक गोष्ट दिसली. एकूण पोटात गेलेल्या प्रत्येक ५०० ग्रॅममागे लक्षणांचे गुण, ० ते ५४ या मापावर, ४.४ ने कमी झाले होते, आणि नेहमीच्या शारीरिक हालचालींकडे परतणेही डोस वाढेल तसे सुधारलेले होते. सुरक्षिततेबाबत चिंता वाटावी असे काही आढळले नाही.

या निकालाचे वाचन जपून करायला हवे. मुख्य मोजमापात यश न येता दुय्यम मोजमापात आले, तर त्या निकालाला आशा म्हणावे, पुरावा म्हणू नये. संशोधक अशा वेळी मोठी चाचणी मागतात, आणि ते बरोबरच आहे. पण समजा, ती आशा पूर्णपणे खरी ठरली. तरीही तुमच्या एका स्कूपचे काय? रोज सात ग्रॅम म्हणजे एकवीस दिवसांत १४७ ग्रॅम. ५०० ग्रॅममागे ४.४ गुण या सरळ प्रमाणाने हिशेब केला तर तुमच्या मुलांना साधारण १.३ गुणांचा फायदा झाला असता. आदल्या रात्री झोप नीट झाली की नाही, एवढ्यानेच मुलाचे गुण याहून जास्त वरखाली होतात. फिलाडेल्फियातील सर्वांत मोठ्या गटाने एकवीस दिवसांत १,१३४ ग्रॅम, म्हणजे किलोहून अधिक पावडर घेतली होती. तुम्ही दिलेल्या वस्तूचे नाव तेच असले तरी चाचणी झालेला उपचार तो नव्हे.

माशाच्या तेलाचे चित्र याहून धूसर आहे. त्यातील डीएचए हे मेदाम्ल चेतापेशींच्या आवरणाचा एक घटक आहे, म्हणून कल्पना योग्य वाटते. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंना हंगामभर रोज २, ४ किंवा ६ ग्रॅम डीएचए देऊन झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चेतातंतूंना इजा झाल्याचे सूचित करणारे न्यूरोफिलामेंट लाइट हे रक्तातील प्रथिन डीएचए घेणाऱ्यांत कमी वाढलेले दिसले. पण तो हंगामभर आधीपासून दिलेला आहार होता, आणि मोजले गेले ते रक्तातले एक प्रथिन. मार लागल्यानंतर मूल लवकर बरे होते का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. तुमच्या कॅप्सूलवर ‘१,००० मिलिग्रॅम माशाचे तेल’ लिहिलेले असेल, तर मागच्या बाजूला डीएचएचा आकडा वेगळा शोधा. तो बहुतेक वेळा पहिल्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो.

क्रिएटिन या खेळाडूंत लोकप्रिय असलेल्या सप्लिमेंटचे नाव तुम्ही घेतले नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच, म्हणून आत्ताच लिहिते. ग्रीसमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्या ३९ मुलांवर २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उत्साहवर्धक होता, पण तिथे कोणाला काय मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि ती मुले अतिदक्षता विभागातली होती, मैदानातली नव्हती.

मुलांवरच्या चाचण्यांत मला सर्वांत बोधक वाटते ती कॅनडातील कॅल्गरी येथील मेलाटोनिनची, म्हणजे झोपेशी निगडित संप्रेरकाची. कन्कशननंतर चार ते सहा आठवडे उलटूनही लक्षणे टिकलेल्या ८ ते १८ वर्षे वयाच्या ९९ मुलांना ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, १० मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा निष्प्रभ गोळी अशी २८ दिवस देण्यात आली. २०२० साली निकाल आला: तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात फरक नव्हता. लक्षात घ्या, ही महिनाभर बरी न झालेली मुले होती, म्हणजे ‘आपोआप बरे होण्याचा’ टप्पा ओलांडलेली, तरीही निष्प्रभ गोळीवर ती सुधारली. त्या चाचणीत निष्प्रभ गोळीचा गट नसता, तर आज प्रत्येक औषध दुकानात ‘कन्कशनवर गुणकारी’ म्हणून मेलाटोनिन विकले गेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला असे दावे करणाऱ्या सप्लिमेंट विक्रेत्यांविरुद्ध २०१३ साली लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला होता. गोळी खाऊन खेळाडू लवकर मैदानात उतरतो आणि दुसरा मार खातो, ही त्यामागची मुख्य भीती होती.

म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवाच, आणि त्या गटालाही उत्तम नेहमीची काळजी मिळायला हवी. इथे एक गोष्ट अनेक प्रशिक्षकांना ठाऊक नसते. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता मोडीत निघाला आहे. २०१५ सालच्या एका अमेरिकन चाचणीत पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्या मुलांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणे नोंदवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १०३ किशोरवयीन खेळाडूंपैकी ज्यांना लक्षणे फारशी वाढू न देणारा हलका एरोबिक व्यायाम दिला, त्यांच्यातील निम्मे १३ दिवसांत बरे झाले, तर केवळ शरीर ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांतील निम्म्यांना १७ दिवस लागले. अ‍ॅमस्टरडॅम येथे २०२२ साली खेळांतील कन्कशनवर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे निवेदन पुढच्या वर्षी आले, त्यातही पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि मग टप्प्याटप्प्याने हालचाल, असाच सल्ला आहे. तेव्हा कोणत्याही पावडरीची खरी स्पर्धा फुकटच्या चालण्याशी आहे. तुमच्या पन्नासपैकी निम्म्या मुलांना एका केंद्रावर चालायला लावले आणि दुसऱ्या केंद्रावर झोपवून ठेवले, तर सप्लिमेंटचा परिणाम त्या गोंधळात कायमचा हरवेल.

पन्नास हा आकडाही तपासू. समजा, तुमच्या सप्लिमेंटने महिनाभरात बरे होण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर जाते. कोणत्याही पूरक आहाराकडून ही फार मोठी अपेक्षा आहे. असा फरक खरा असेल तर तो ओळखण्याची ८० टक्के खात्री हवी असेल, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात सुमारे १२० मुले लागतात, म्हणजे एकूण २४०, आणि मध्येच सोडून जाणारी धरली तर तीनशेच्या आसपास. एका केंद्रात दोन हंगामांत अकरा मुले, हा तुमचाच वेग धरला तर पन्नासच मुलांसाठी एका केंद्राला नऊ हंगाम लागतील. बरा झाला किंवा नाही असे दोनच कप्पे न करता लक्षणांचे गुण मोजले, किंवा फिलाडेल्फियासारखे वेगवेगळे डोस देऊन ‘डोस वाढेल तसा परिणाम वाढतो का’ असे विचारले, तर कमी मुलांत जास्त माहिती मिळते. त्यांनी मोजक्या लोकांत काही शोधून काढले ते याच युक्तीने. तरीही पन्नास मुलांची चाचणी ‘ही चाचणी करता येते का, मुले पावडर घेतात का, किती जण सोडून जातात’ एवढ्याच प्रश्नांची उत्तरे देईल, आणि तेवढेच उत्तर मागून ती केली तर ती वाया जाणार नाही.

आता मोजमाप. ‘खेळायला लागला’ हे मोजमाप मी स्वीकारणार नाही, आणि त्याचे कारण जरा अवघड वाटले तरी सांगते: मुलाला खेळायला उतरवण्याचा निर्णय तुमचा असतो, आणि सप्लिमेंट दिल्याचेही तुम्हाला ठाऊक असते. शिवाय निवड चाचणी जवळ आली की मुले डोकेदुखी लपवतात. तुम्हीही खेळाडू होता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून लक्षणांची नोंद अशा व्यक्तीने करावी जिला कोणाला काय मिळते हे ठाऊक नाही आणि जिच्या हातात संघाची निवड नाही. पहिल्या काही दिवसांसाठी तेरा वर्षे व त्यावरील मुलांना स्कॅट ६ ही कन्कशनची ठरावीक तपासणी आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांना त्याचीच बालआवृत्ती वापरतात. पण त्यातील लक्षणांची यादी नुसती भाषांतर करून चालत नाही. ‘चक्कर’ म्हटले तर एक मूल घेरी समजते, दुसरे सगळे गरगरल्यासारखे समजते, आणि तिसऱ्याला तोल गेल्याचे आठवते. ‘धुक्यात असल्यासारखे’ हे शब्द आमच्याकडचे एकही मूल आपणहून वापरत नाही. ते म्हणते ‘काही सुचत नाही’ किंवा ‘डोकं जड झालंय’. आधी दहा-वीस निरोगी मुलांकडून ही यादी वाचून घ्या, कुठे अडखळतात ते पाहा, आणि मगच ती छापा.

निष्प्रभ पावडर बनवणे वाटते तितके सोपे नाही. बीसीएए चवीला कडू असते, आणि गोड सरबत मिळालेल्या मुलाला आपल्याला ‘खोटे’ मिळाले हे पहिल्याच घोटात कळते. माशाच्या तेलाचे ढेकर येतात, तेही गुपित फोडतात. चाचणीच्या शेवटी प्रत्येक मुलाला विचारावे, ‘तुला काय मिळाले असे वाटते?’ निम्म्याहून फारच जास्त मुलांनी बरोबर ओळखले, तर तुमचा निकाल अपेक्षेचा आहे, पावडरीचा नाही. दोन वस्तू एकत्र देऊ नका, हेही याच ओघात सांगते. एकत्र देऊन फरक पडला तरी तो कोणामुळे पडला हे कळत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण परदेशी शोधनिबंधांत सापडणार नाही. कोकण किनाऱ्यावर आठवड्यातून चारदा मासे खाणारे मूल आणि देशावरचे शाकाहारी मूल यांच्या शरीरातील डीएचएची पातळी सुरुवातीलाच वेगळी असणार, त्यामुळे घरचा आहार नोंदवून त्यानुसार दोन्ही गटांत समान वाटणी करावी लागेल. आणि श्रावण लागला की माशाच्या तेलाची कॅप्सूल कित्येक घरांत महिनाभर कपाटात जाते. मुलाने तुम्हाला ‘घेतली’ असे सांगितले तरी आजीने ती घेऊ दिलेली नसते! शेवाळापासून काढलेले डीएचए मिळते. ते वापरले तर हा प्रश्न बराचसा सुटतो, मात्र कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे नाही ना, तेवढे पाहा. उरलेल्या कॅप्सूल दर आठवड्याला मोजून घेणे, हा सांगण्यावर विसंबण्यापेक्षा बरा मार्ग आहे.

ब्रँडबद्दल मी नाव देणार नाही, पण कारण देते. कॅनडात विकल्या जाणाऱ्या ३१ मेलाटोनिन उत्पादनांची २०१७ साली तपासणी झाली, तेव्हा प्रत्यक्ष मेलाटोनिन लेबलवरील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतके वेगवेगळे निघाले, आणि काहींत तर सेरोटोनिन सापडले. त्याआधी, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३ देशांतून घेतलेल्या ६३४ सप्लिमेंटांपैकी ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय द्रव्ये आढळली होती. तुमच्या केंद्रातील एखादी मुलगी राज्य पातळीवर खेळत असेल, तर अशा डब्यामुळे ती उत्तेजक चाचणीत अडकू शकते, आणि ‘सरांनी दिले’ हा बचाव तिथे पुरत नाही. चाचणीसाठी सर्व माल एकाच बॅचचा घ्यावा आणि त्या बॅचचे नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत. भारतात अशा उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते ते २०१६ सालच्या अन्नसुरक्षा नियमांमुळे. ते वाक्य तुमच्या योजनेच्या थेट आड येते, कारण तुम्ही ते औषध म्हणूनच वापरू पाहता. म्हणून औषध नियंत्रकांची परवानगी लागेल का, हे नैतिकता समितीमार्फत आधीच लेखी विचारून घ्या.

नैतिकता समितीचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे तुम्हाला काय विचारले जाईल ते सांगते. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या नोंदवहीत पहिल्या मुलाला सामील करण्यापूर्वी व्हायला हवी; मुख्य मोजमाप कोणते, हे त्यात आधी लिहून ठेवले म्हणजे नंतर सोयीचा निकाल निवडता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी संमती घ्यावी लागते. ती संमती तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाच्या हातात संघातली जागा आहे त्याला मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही. मेपल सिरप युरिन डिसीज हा जन्मजात विकार असलेल्या मुलाला ही तीनच आम्ले पचवता येत नाहीत आणि ती विषासारखी ठरतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण त्याबद्दल आणि मूत्रपिंड व यकृताच्या आजारांबद्दल विचारल्याशिवाय बीसीएएचा एक चमचाही कोणाला देऊ नये. आणि वारंवार उलटी, वाढत जाणारी सुस्ती, आकडी, हातापायातील कमजोरी किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा वेगवेगळा आकार यांपैकी काही दिसले, तर ते मूल चाचणीचे नाही, तातडीच्या विभागाचे आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की मग मी करावे तरी काय. माझा सल्ला असा, की या हंगामात कोणाला काहीही देऊ नका आणि फक्त मोजा. सहभागी होणाऱ्या सगळ्या केंद्रांत एकच वही ठेवा. मार लागल्याची वेळ, तो कसा लागला, आधी कन्कशन किंवा अर्धशिशी होती का, झोप, शाळेतील हजेरी, आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवसाचे लक्षणांचे गुण त्या वहीत लिहा. या नोंदींसाठीही पालकांची आणि समितीची परवानगी घ्या. कबड्डीत पकडीच्या वेळी डोके गुडघ्यावर आपटलेल्या मराठी मुलांना बरे व्हायला किती दिवस लागतात, हे परदेशातील आकड्यांवरून नव्हे तर आपल्या स्वतःच्या नोंदींवरून सांगता यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ती वही घेऊन जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग किंवा जनऔषधवैद्यकशास्त्र (सामुदायिक आरोग्य) विभागाकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तर चहा मिळेल, वही घेऊन गेलात तर बहुधा सहसंशोधक मिळेल. गटांची संख्या, डोस आणि निष्प्रभ पावडर यांचा विचार त्यांच्यासोबत, त्यानंतर.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला विचारायची आहे. अकरापैकी नऊ बरे झाले, असे तुम्ही लिहिले. उरलेल्या दोघांचे काय झाले, ते कुठेच नाही. चार आठवड्यांनंतरही डोकेदुखी, झोपेची तक्रार किंवा अभ्यासात मन न लागणे टिकून असेल, तर त्या मुलाला तज्ज्ञाने पाहणे आवश्यक असते, कारण त्यामागे मानेची इजा, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतील बिघाड, अर्धशिशी किंवा उदासीनता असू शकते आणि त्या प्रत्येकावर वेगळा उपाय आहे. त्या दोघांच्या घरी या आठवड्यात फोन करा, आणि अकराही मुलांच्या पालकांना, कोणती पावडर व कोणती कॅप्सूल किती दिवस दिली, हे लेखी कळवा. पुढचा डॉक्टर त्यांना ते विचारणार आहे.